उपचार लागू पडतो का, आणि तो दिला जातो का

उपचार-संशोधन आणि अंमलबजावणी-संशोधन यांची वरचेवर गल्लत होते. उपचार गुणकारी आहे का, हे पहिले तपासते. गुणकारी ठरलेला उपचार नेहमीच्या यंत्रणेकडून, नेहमीच्या कामाच्या रगाड्यात रुग्णापर्यंत पोहोचतो का, हे दुसरे तपासते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया बाळाचे वजन करीत, ऊब आणि स्तनपान यांकडे लक्ष देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला आणि हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे उपचार-संशोधन होते.

२०११ पासून हीच कल्पना आशा कार्यकर्तीमार्फत देशभर राबवली जाऊ लागली : रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा, घरच्या प्रसूतीनंतर सात गृहभेटी. इथे प्रश्न बदलतात. बेचाळिसाव्या दिवसाची भेट किती बाळांना मिळाली? त्या भेटीत बाळ खरोखर काट्यावर ठेवले गेले, की आकडा फक्त नोंदवहीत चढला? काटा बिघडला तर नवा कधी आला? आणि लसीकरणापासून सर्वेक्षणांपर्यंतची कामे अंगावर असलेल्या आशाताईला या भेटींसाठी वेळ कुठून मिळाला? अशा प्रश्नांना ‘हे तर प्रशासनाचे काम’ म्हणून बाजूला सारले जाते, आणि ते मला चुकीचे वाटते. कारण एखाद्या जिल्ह्यात मृत्युदर घटला नाही, तर उपचार फोल ठरला की तो दिलाच गेला नाही, हे या उत्तरांवाचून सांगता येत नाही.

तरीही दोहोंमधली सीमारेषा पक्की नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात इंजेक्शनचे काम आशाकडे न देता परिचारिकेकडे ठेवले गेले. हा बदल व्यवहार्यतेसाठी केला असला, तरी त्यामुळे गडचिरोलीतील ६२ टक्क्यांचा आकडा या नव्या रूपाला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि मग ‘हे गुणकारी आहे का’ हा पहिलाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.