हायड्रेंजिया

हायड्रेंजिएसी कुलातील शोभेच्या फुलझाडांची प्रजाती. हिच्या ७०हून अधिक जाती मुख्यतः पूर्व आशियात आणि अमेरिका खंडात आढळतात. बहुतेक जाती पानझडी झुडपे असून काही वेली आहेत. ग्रीक भाषेतील ‘पाणी’ आणि ‘पात्र’ या शब्दांवरून हे नाव पडले. झाडाला पाणी भरपूर लागते हे खरे, पण नाव आले आहे ते बोंडाच्या घागरीसारख्या आकारावरून.

या झाडाचे जे फूल म्हणून ओळखले जाते, तो खरे तर फुलोरा असतो आणि त्यातल्या रुंद, रंगीत ‘पाकळ्या’ म्हणजे निदले, अर्थात पाकळ्यांबाहेरची दले असतात. रानटी झुडपाच्या चपट्या फुलोऱ्यात मधोमध बारीक जननक्षम फुले दाटलेली असतात आणि कडेने मोठ्या वंध्य फुलांचे कडे असते. वंध्य फुले अधिक असलेली रोपे जपानी बागांमध्ये पिढ्यानपिढ्या निवडून जोपासली गेली आणि त्यातून बागेतला गोल गेंद घडला. गेंद डोळ्यांत भरतो, मात्र परागकण शोधणाऱ्या मधमाशीच्या हाती त्यात फारसे काही लागत नाही. सौंदर्यातही मूळचा चपटा फुलोरा उणा नाही, उलट अधिक नाजूक आहे.

यूरोपात प्रथम पोहोचली ती उत्तर अमेरिकेतील आर्बोरेसेन्स ही जाती. इंग्रज वनस्पतिप्रेमी पीटर कॉलिन्सन यांनी १७३६ मध्ये ती इंग्लंडमध्ये आणली. आज बागांवर राज्य करणारी मॅक्रोफायला ही जाती मूळची जपानच्या किनारपट्टीची. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये तिचे वर्णन केले, पण तिला व्हायबर्नम या वेगळ्याच प्रजातीत घातले. १७८९ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी चीनमधील बागेतले रोप लंडनच्या क्यू उद्यानात आणले.

मॅक्रोफायलाचा रंग जमिनीवर ठरतो. जमीन आम्लधर्मी, म्हणजे सामू (pH) साधारण ५.५ पेक्षा कमी असला, की मुळांना ॲल्युमिनियम मिळते. निदलांतील रंगद्रव्याशी त्याचा संयोग होऊन निळा रंग येतो. अल्कधर्मी जमिनीत ॲल्युमिनियम मुळांना घेता येत नाही आणि फुले गुलाबी राहतात. पांढरे वाण असे रंग बदलत नाहीत.

पॅनिक्युलाटा जातीचे फुलोरे शंकूच्या आकाराचे असतात. ‘लाइमलाइट’ हा तिचा हिरवट पांढरा वाण. ‘ॲनाबेल’ हा आर्बोरेसेन्सचा मोठ्या पांढऱ्या गेंदांचा वाण अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सापडला. क्वेर्सिफोलिया जातीची ओकसारखी पाने शरद ऋतूत तांबडी होतात. जपानच्या डोंगरांतील सेराटा जाती आकाराने लहान असते. तिच्या एका प्रकाराच्या गोड पानांचा ‘आमाचा’ हा चहा बुद्धजयंतीला बुद्धमूर्तीवर ओततात.

जात न ओळखता केलेली छाटणी हे या झुडपाला फुले न येण्याचे नेहमीचे कारण. पॅनिक्युलाटा व आर्बोरेसेन्स यांना नव्या फुटीवर फुले येतात, म्हणून हिवाळा संपताना त्या बिनधास्त छाटाव्यात. मॅक्रोफायला, सेराटा आणि क्वेर्सिफोलिया यांच्या कळ्या मात्र आदल्या वर्षीच्या फांद्यांवर तयार होतात. हिवाळा संपताना त्या फांद्या छाटल्या तर हंगाम जातो. थंड प्रदेशात मॅक्रोफायलाचे वाळलेले गेंदही वसंतापर्यंत झाडावरच ठेवतात, कारण त्यांच्या आडोशाने खालच्या कळ्या हिमापासून वाचतात.