लाल टोपण आणि केशरी टोपण

टाइप वन डायबेटिस असलेल्या लेकराच्या घरी इन्सुलिनचे युनिट सगळ्यांना तोंडपाठ असतात. सकाळी किती, रात्री किती, हे आजीसुद्धा झोपेतून उठवलं तरी सांगेल. सिरिंजच्या टोपणाचा रंग मात्र फारसं कुणी बघत नाही.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० च्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणारी कार्ट्रिज, म्हणजे औषधाची छोटी नळी, १०० ची. सिरिंजही त्याप्रमाणे दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. ‘बाटली म्हणजे ४०’ असं मात्र धरून चालू नका. काही इन्सुलिनची बाटलीही १०० ची येते. लेबलावरचा आकडा वाचायचा आणि तोच आकडा सिरिंजवर आहे ना, ते बघायचं.

युनिट हे औषधाचं माप आहे, पाण्याचं नाही. डॉक्टरांनी १० युनिट सांगितले तर ४० च्या बाटलीतून पाव मिलिलिटर भरावं लागतं, १०० च्यातून त्याच्याही निम्म्याहून कमी, ०.१ मिलिलिटर. हा हिशेब आपल्याला करावा लागू नये म्हणूनच सिरिंजवरच्या रेघा वेगवेगळ्या आखलेल्या असतात. जोडी जुळली की १० ची रेघ म्हणजे खरोखर १० युनिट.

जोडी चुकली की दोन गोष्टी होतात. समजा सुटीत पोर आजोळी आहे, पेन बिघडलं, आणि गावातल्या मेडिकलमध्ये फक्त लाल टोपणाची सिरिंज मिळाली. कार्ट्रिजमधून त्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत भरलं तर पोटात गेले २५ युनिट. शुगर एकदम खाली जाते; वीस-बावीस किलोच्या पोराला हे भयंकर आहे. उलट ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज असेल तर १० च्या जागी जेमतेम ४ जातात. ही चूक लगेच दिसत नाही. शुगर चढत जाते, पोर सारखं पाणी मागतं, लघवीला पळतं, आणि आपण दोष देतो मामाकडच्या आंब्यांना. पुढे उलट्या सुरू झाल्या तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

अडीचने गुणून-भागून भलत्या सिरिंजने काम भागवणारे लोक आहेत. मोठ्यांचं त्यांचं ते बघतील, पोराच्या बाबतीत पहाटे झोपेत हा गुणाकार नको. प्रवासाला निघताना पेनाच्या जोडीला केशरी सिरिंजचं एक पाकीट ठेवलं की आजोळचा प्रसंग येतच नाही. शाळेतल्या डब्यातही ठेवावं.

जास्त डोस गेल्याचं लक्षात आलं तर लगेच शुगर तपासा, पोराला गोड खायला द्या आणि तेव्हाच डॉक्टरांना फोन लावा. नंतर दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पोर ग्लानीत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. चुकलेलं इन्सुलिन लांब पल्ल्याचं, रात्रीचं असेल, तर एकदा शुगर वर आली म्हणून निजू नका. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत शुगर खाली ओढत राहतं.