झाडीपट्टी रंगभूमीतील वेशभूषा

झाडीपट्टी रंगभूमीतील वेशभूषा : पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालणाऱ्या नाटकांतील कलावंतांचे पोशाख, टोप, दागिने आणि रंगभूषा. दंडार, खडी गंमत या लोकप्रकारांत तिची मुळे आहेत. पौराणिक-ऐतिहासिक नाटकांनी तिला जरतारी केले आणि सामाजिक नाटकांनी पुन्हा रोजच्या कपड्यांवर आणून सोडले. हा बदल केवळ हौसेने किंवा फॅशनने झालेला नाही. रंगमंचावरचा दिवा, स्त्री कलावंतांचे आगमन, नाटकाचा विषय आणि कपड्याचा खर्च कोणी करायचा हा सवाल, या चार गोष्टींनी तो घडवला.

झाडीपट्टी हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. धान कापून, चुरून घरात आले की हातात चार पैसे येतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, लेकी माहेरी येतात, सोयरे उतरतात आणि रात्री नाटक लागते. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा, हे या व्यवहाराचे मुख्य ठाणे. गोंदिया-नागभीड-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या या गावात नाट्यमंडळांची कार्यालये आहेत. तिथूनच कलावंतांच्या गाड्या रोज संध्याकाळी वेगवेगळ्या गावांना निघतात. सिंदेवाही, नवरगाव, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल ही या रंगभूमीची आणखी काही नावाजलेली गावे. नाटक रात्री नऊ-दहाच्या पुढे सुरू होते आणि उजाडायच्या सुमारास संपते. कडाक्याच्या थंडीत, उघड्यावर, पहाटेच्या दवात आठ-आठ तास अंगावर वागवायचा हा पोशाख आहे. शहरातल्या बंदिस्त नाट्यगृहाच्या मापाने त्याकडे पाहिले की पुष्कळ गोष्टी ध्यानातच येत नाहीत.

दंडार हा पुरुषांचा नाचता-गाता खेळ. धोतर, बंडी, डोक्याला फेटा, कमरेला कसलेला दुपट्टा आणि पायात चाळ एवढ्यावर तो उभा राहतो. सोंग आणायचे तर घरातलेच लुगडे, घोंगडी, काठी, सुपली कामाला येते. सीमेपलीकडे तेलंगणातल्या आदिलाबाद भागातल्या गोंडांच्या दंडारीत घुसाडी नावाचे नर्तक मोरपिसांचा भलामोठा टोप घालतात. ती परंपरा स्वतंत्र आहे, तिची झाडीपट्टीच्या नाट्यरूप दंडारीशी गल्लत होऊ नये. खडी गंमतीत शाहीर, ढोलक्या, तुणतुण्यावरचा साथीदार आणि मागून सूर धरणारे झिलकरी साध्या धोतर-सदऱ्यात किंवा पायजम्यात उभे असतात. सगळा रंग एकट्या नाच्याच्या अंगावर असतो. नाच्या म्हणजे स्त्रीवेश घेणारा पुरुष. त्याचे लुगडे, चोळी, गंगावन, नाकातली नथ, बांगड्या आणि चाळ यांची निगा तो जिवापाड राखतो. गंमत सादर करणाऱ्या मंडळींत वेशाचा मान आणि वेशाचे ओझे असे एकाच माणसावर येते. आजही गंमतीत स्त्रीपात्र बहुधा पुरुषच करतो. बदलले आहे ते कापड. सुती लुगड्याची जागा टिकल्यांच्या चकचकीत साडीने घेतली आहे.

गावातल्या पोरांनी नाटक बसवायचे तेव्हाची वेशभूषा सगळ्या गावाची असे. राणीला शालू हवा तर पाटलाच्या घरातून येई, शेला कोणाच्या लग्नातला असे, दशरथाच्या खांद्यावरचे उपरणे भजनी बुवांचे निघे. भंडारा आणि नागपूरकडे कोष्ट्यांच्या मागावर विणलेली करवत काठी साडी आणि आरमोरीच्या आसपासच्या जंगलात मिळणाऱ्या कोशांचे टसर रेशीम या भागात परके नव्हते. खानदानी घरातले असे एखादे वस्त्र रंगमंचावर आले की प्रेक्षकांतल्या बायका ते कोणाच्या घरचे हे चटकन ओळखत. मुकुट पुठ्ठ्याचे असत, त्यावर सोनेरी कागद आणि बेगड चिकटवलेली असे. तलवारी लाकडाच्या, दाढ्या अंबाडीच्या. गावचा सुतार, शिंपी आणि चित्र काढणारा हात या तिघांवर ते नाटक तगून होते. पडदे रंगवणाऱ्या चित्रकारालाच पुष्कळदा मुकुट आणि ढाली रंगवाव्या लागत. नवरगावच्या व्यंकटेश नाट्य मंडळाचे सदानंद बोरकर हे नाटककार, दिग्दर्शक, नट आणि चित्रकारही आहेत. कला अशी एकाच माणसाच्या ठायी एकवटणे या रंगभूमीला अगदी साजेसे आहे.

मग ड्रेपरीवाला आला. मराठी रंगभूमीत पोशाख भाड्याने देणाऱ्याला ड्रेपरीवाला आणि त्याच्या पोशाखांना ड्रेपरी म्हणतात. झाडीपट्टीतही तेच शब्द रुळले आहेत. ड्रेपरीच्या पेटीतला राजाचा अंगरखा हातात घेऊन पाहावा. छातीवर भरजरी, किनखापासारखा दिसणारा चकाकता कपडा आणि पाठीला साधे अस्तर. पाठीमागून तो उघडा असतो आणि दोन्ही कडांना नाड्या असतात. नट किडकिडीत असो की पोट सुटलेला, नाड्या आवळून किंवा सैल सोडून एकच अंगरखा सगळ्यांना बसवायचा. पाठीवरच्या गाठी शेल्याखाली लपतात. नटाने प्रेक्षकांकडे पाठ करू नये हा रंगमंचाचा जुना नियम आहे, आणि अशा अंगरख्यात तो मोडायची सोयच नसते. खिशाला परवडेल अशा बेताने शोभा आणणारी ही शिवण आहे, तिला हलके लेखू नये. जिरेटोप, मंदिल, पगडी ही आधीच बांधून, चिकटवून कायमची करून ठेवलेली असतात. फेटा मात्र अजूनही प्रयोगाच्या वेळी बांधणारा माणूस लागतो आणि ज्याच्या हाताला ती कला आहे त्याला रंगपटात, म्हणजे कलावंतांच्या तयारीच्या खोलीत, मान असतो.

दिव्याने या पोशाखांत जेवढी उलथापालथ केली तेवढी दुसऱ्या कशाने केली नसेल. टेंभे आणि मशालींच्या पिवळ्या उजेडात निळा-जांभळा रंग काळा दिसतो, फिका पिवळा विरून जातो. उठून दिसतात ते लाल, पांढरा आणि जर. म्हणून जुन्या सोंगांत लालभडक आणि सोनेरी यांची रेलचेल होती आणि चेहरेही सफेदा, कुंकू, काजळ यांनी दाट रंगवलेले असत. गॅसबत्ती आली तसा उजेड पांढरा झाला, चेहऱ्यावरचा थर डोळ्यांत खुपू लागला आणि निळे-हिरवे शालू मंचावर दिसू लागले. पुढे जनरेटर, विजेचे दिवे, हॅलोजन. आता एलईडीचे रंग बदलणारे दिवे आहेत. त्यांनी वेगळाच पेच उभा केला आहे. लाल झोतात लाल साडी फिकी पडते, हिरवी काळवंडते. म्हणून नृत्याच्या पोशाखात एका रंगापेक्षा टिकल्या, आरसे, चमकी यांवर भर असतो. त्या कुठल्याही झोतात लुकलुकतात. दवाचा परिणामही लहान नाही. नकली जरीत तांब्याची तार असते, दव आणि घाम लागून ती काळी पडते. नायलॉन आणि पॉलिएस्टरला पहाट बाधत नाही, पिळून वाळत घातले की दुसऱ्या गावी पुन्हा तयार. सिंथेटिक कापडाने सुती-रेशमी वस्त्र हटवले त्यामागे स्वस्ताईइतकेच हे कारण आहे.

आवाजानेही दागिने बदलले. मंचावर वरून टांगलेल्या माइकमध्ये बांगड्यांची किणकिण आणि पैंजणांचा आवाज संवादाच्या बरोबरीने घुमतो. गंभीर प्रसंगात नटी बांगड्या कमी करते किंवा प्लास्टिकच्या घालते. नाचाच्या वेळी मात्र चाळ वाजलेच पाहिजेत.

स्त्री कलावंत आल्या आणि वेशभूषेचा सारा तोल बदलला. पूर्वी नायिकेचे काम मिसरूड न फुटलेला किंवा कोवळ्या चेहऱ्याचा पोरगा करी. उसने स्तन, गंगावन, आखडून चालणे असा सगळा जामानिमा त्याच्या अंगावर चढवावा लागे. गावचे हौशी नट आणि बाहेरून बोलावलेल्या एक-दोन नट्या असा एक मधला काळ होता. त्यानंतर मंडळांमध्ये स्त्री कलावंत कायमच्या झाल्या. त्यांनी ड्रेपरीच्या पेटीतले, दहा जणांच्या अंगावरून फिरलेले लुगडे नाकारले आणि स्वतःची साडी, स्वतःचा ब्लाउज, स्वतःचा मेकअपचा डबा घेऊन येऊ लागल्या. हा या रंगभूमीच्या इतिहासातला मोठा बदल आहे आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली दिसत नाही. अंगावर काय घालायचे, पदर कुठे आणि कसा घ्यायचा, याचा निर्णय तिच्या हातात आला. प्रयोगांच्या घाईने शिवलेली नऊवारी आणली. तिला हूक आणि चेन असते, काष्टा आधीच घातलेला असतो. दोन प्रवेशांच्या मधे पडदा पडून उघडेपर्यंत ती अंगावर चढते. जुन्या नटाला नऊवारी नेसायला लागणारा वेळ आणि आजच्या नाटकाचा वेग यांचा मेळ त्याशिवाय बसला नसता.

याच बदलाची दुसरी बाजू खर्चाची आहे. ड्रेपरी भाड्याची होती तेव्हा भाडे मंडळ किंवा गाव देई. आता सामाजिक नाटकातले पोशाख बहुतेक कलावंतांचे स्वतःचे असतात. नायकाचे जाकीट आणि जीन्स, खलनायकाचा सफारी, नायिकेच्या पाच-सहा साड्या, नर्तकीचे घागरे, हे सगळे ते आपल्या बॅगेत भरून रोज नवे गाव गाठतात. कलावंताला प्रत्येक प्रयोगाचे मानधन, म्हणजे नाईट मिळते. साडी, टोप, मेकअप आणि धुलाई त्यातूनच भागवायची. ज्या नटीला भूमिकेसाठी अधिक कपडे लागतात तिच्या नाईटमध्ये पोशाखाचा हिशेब वेगळा धरला गेला पाहिजे. पोशाख नाटकाचा आहे, खर्च मात्र एकट्या बाईने सोसायचा, ही गोष्ट न्यायाची नाही.

सामाजिक नाटकात पात्रे गावातलीच असतात : सावकार, पाटील, शिक्षक, डॉक्टर, दारुडा नवरा, सासुरवाशीण. कोण कसे हे कपड्यावरून पहिल्या क्षणी कळावे लागते, कारण मागे बसलेल्या माणसाला चेहरा नीट दिसत नाही. सावकाराचा काळा कोट आणि चष्मा, विधवेची पांढरी साडी, शहरातून आलेल्या पोराचा गॉगल, या खुणा ठरून गेलेल्या आहेत. त्यात ठोकळेबाजपणा आहे हे खरे. परंतु खड्ड्यात, मातीच्या उतारावर, खुर्च्यांवर आणि गादीवर दाटीवाटीने बसलेल्या शेकडो लोकांपर्यंत पात्र पोहोचवायचे तर ठळक खूण लागतेच. विधवेच्या पांढऱ्या साडीचा मात्र काही नाटकांनी जाणीवपूर्वक प्रश्नच केला आहे. शेवटच्या अंकात तिच्या अंगावर रंगीत साडी आली की प्रेक्षकांतून टाळ्या पडतात. बौद्ध वस्त्यांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांच्या जीवनावरील नाटके होतात. त्यांत बाबासाहेबांचा कोट, टाय आणि चष्मा यांबाबत कोणी हयगय केलेली लोकांना खपत नाही.

विनोदी नटाचा वेश याहून मोकळा. आखूड चड्डी, लोंबणारी नाडी, दोन रंगांचे मोजे, उलटी टोपी, बायकोचे पोलके, जे सुचेल ते. येथे शिंपी नव्हे, नटच वेशकार असतो. २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांच्यासारख्या कलावंतांनी विनोदी भूमिकांना या रंगभूमीवर जो मान मिळवून दिला, त्यात अंगविक्षेप आणि बोलीइतकाच वेशाचाही वाटा असतो. झाडीबोलीत बोलणारा, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला शेतकरी नुसता विंगेतून आत आला तरी हशा आणि आपुलकी एकदमच उसळते.

दोन अंकांच्या मधे येणाऱ्या नृत्यांमुळे अलीकडे सगळ्यात जास्त वाद होतात. लावणीच्या नावाखाली सिनेमातल्या गाण्यांवर नाच होतो आणि त्याचे पोशाखही सिनेमातल्यासारखे असतात. गावातली जाणती माणसे आणि काही नाटककार यावर नाराज आहेत. त्यांची नाराजी नाटकाच्या ओढीतून आली असली, तरी तिचा रोख बहुतेकदा नाचणाऱ्या बाईवर राहतो आणि तसा पोशाख मागणारा प्रेक्षक, तो ठरवणारे मंडळ आणि त्याच पोस्टरवर तिकीट खपवणारे आयोजक बाजूला राहतात. वेशभूषेचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न इथे नटीच्या बाजूने पुन्हा विचारायला हवा.

ऐतिहासिक आणि पौराणिक नाटके आता तुलनेने कमी होतात. ड्रेपरीच्या पेट्या मात्र रिकाम्या बसलेल्या नाहीत. मावळ्यांचे अंगरखे, जिरेटोप, राम-सीतेचे मुकुट यांना शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीच्या मिरवणुकांत मागणी असते. हे दिवसही नेमके नाटकांच्या हंगामातच येतात. त्यामुळे एकच जिरेटोप दुपारी शाळेच्या व्यासपीठावर आणि रात्री नाटकाच्या मंचावर जाऊ शकतो. लहान मुलांच्या मापाचे पोशाख ड्रेपरीवाले आता मुद्दाम शिवून ठेवतात.