दुःखाच्या बरोबरीने येणारे सुख

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात एड्सवर परिणामकारक उपचार उपलब्ध नव्हते आणि सॅन फ्रान्सिस्को शहरात अनेक पुरुष आपल्या मरणासन्न जोडीदाराची घरीच शुश्रूषा करत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सुसान फोकमन आणि त्यांचे सहकारी या पुरुषांच्या ठरावीक काळाने मुलाखती घेत असत. प्रश्न अर्थातच ताणाविषयीचे होते. परंतु अभ्यास सुरू झाल्यावर लवकरच सहभागी व्यक्तींनी तक्रार केली, की तुम्ही आम्हाला चांगल्या गोष्टींबद्दल काहीच विचारत नाही. तेव्हा संशोधकांनी एक प्रश्न वाढवला: दिवस निभावून नेण्यास बळ देणारी, अर्थपूर्ण वाटलेली एखादी घटना घडली का? जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत अशी घटना सांगितली गेली. जोडीदारासाठी मन लावून केलेला स्वयंपाक, मित्रांची भेट, किरकोळ कामाबद्दल मिळालेली शाबासकी, नजरेस पडलेले सुंदर फूल, असे त्या घटनांचे स्वरूप होते.

या माणसांचे दुःख कमी नव्हते, कारण नैराश्याच्या चाचणीतील त्यांचे गुण सर्वसामान्यांपेक्षा बरेच अधिक होते. तरीही जोडीदाराच्या मृत्यूच्या आगेमागेचे काही आठवडे वगळता सुखद भावना त्यांच्या अनुभवाला दुःखद भावनांइतक्याच वेळा येत होत्या. सुख आणि दुःख ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, ही आपली समजूत येथे टिकत नाही. मला या अभ्यासातील हीच बाब सर्वांत मोलाची वाटते, कारण संकटात असलेल्या माणसाला फूल सुंदर दिसले म्हणून त्याच्या शोकाच्या खरेपणावर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

मात्र येथून पुढे एक निसरडी वाट सुरू होते. आघातानंतर अनेकांना नाती अधिक जवळची आणि आयुष्य अधिक मोलाचे वाटू लागते, असे रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी मांडले आणि हा बदल मोजण्यासाठी १९९६ मध्ये २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पण २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची आघातापूर्वीची आणि नंतरची मोजमापे ताडून पाहिली, तेव्हा स्वतःला जाणवलेली वाढ आणि प्रत्यक्षातील बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. दुःखाने माणूस घडतोच, असे दुसऱ्याला ठासून सांगणे म्हणूनच घाईचे आहे (आणि बहुधा निर्दयपणाचेही).

अर्थ लागण्याची प्रक्रिया बरीच कष्टाची असते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे आपल्या आघाताविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांची मनःस्थिती लेखनानंतर लगेच बिघडली; पुढील काही महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगांत हा लाभ सरासरीने लहानच आढळला. पेनेबेकर यांनी लेखनातील शब्द तपासले, तेव्हा ‘कारण’, ‘आता उमगते’ अशा प्रकारच्या शब्दांचा वापर ज्यांच्या लेखनात दिवसागणिक वाढत गेला, त्यांना अधिक फायदा झाल्याचे दिसले. पहिल्याच दिवशी सुसंगत कहाणी हाती असलेल्यांना तितका झाला नाही.