गोव्यातील ऑनलाइन ग्राहक चळवळ

इंटरनेटवर खरेदी, आरक्षण किंवा पैशांची देवघेव करणाऱ्या माणसाची फसवणूक होऊ नये, झालीच तर भरपाई मिळावी आणि त्याची खाजगी माहिती संमतीवाचून वापरली जाऊ नये, यासाठी ग्राहकांच्या बाजूने चालणारे काम. तक्रारदाराला मदत, लोकशिक्षण, कायद्याचा पाठपुरावा आणि बँका-कंपन्यांवरचा दबाव हे सारे त्यात येते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची घेताना विकणारी समोर बसलेली असते. माल खराब निघाला तर पुढच्या शुक्रवारी तिला त्याच जागी गाठता येते. ऑनलाइन व्यवहारात नेमकी ही गाठ पडत नाही. म्हणून विक्रेत्याला जाब विचारण्याची जागा ग्राहकाच्या घराजवळ असावी, ही या चळवळीची सर्वांत महत्त्वाची मागणी म्हणावी लागेल.

मराठी मुलखातली संघटित ग्राहक चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीपासून रुजली. गोव्यात गोवा-कॅन या नावाने ओळखली जाणारी नागरिक व ग्राहक संघटना हे काम करत आली असून रोलंड मार्टिन्स हे तिचे समन्वयक म्हणून परिचित आहेत. संयुक्त राष्ट्रांनी ग्राहकसंरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे 1985 मध्ये स्वीकारली होती. 2015 च्या सुधारणेत त्यांत ई-व्यापाराचाही समावेश झाला.

भारतात मोठा बदल घडवला तो 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने. 1986 च्या कायद्यात कंपनीचे कार्यालय कुठे आहे किंवा वादाचे कारण कुठे घडले, यावर तक्रारीची जागा ठरत असे. आता तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. सत्तरी तालुक्यातल्या गृहिणीला गुरुग्रामच्या कंपनीविरुद्ध पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. दक्षिण गोव्याचा आयोग मडगावात आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ई-व्यापाराच्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, वर्गणी रद्द करण्याची वाट लपवणे अशा 13 फसव्या मांडण्यांना नोव्हेंबर 2023 मध्ये मनाई झाली.

गोव्यात पर्यटनाशी निगडित फसवणूक विशेष जाणवते. कळंगुट-कांदोळीतल्या एखाद्या खऱ्या व्हिलाची छायाचित्रे उचलून बनावट संकेतस्थळ उभे केले जाते, आगाऊ पैसे घेतले जातात आणि कुटुंब सामानासह दारात पोचल्यावर आरक्षणच नसल्याचे कळते. यात पाहुणा नाडला जातो आणि ज्या घरमालकाचा काही दोष नाही त्याचे नावही विनाकारण बदनाम होते.

‘सावध राहा’ असे सांगून भागत नाही. यूपीआयवर जुने सामान विकणाऱ्याला भामटा पैसे मागणारी विनंती पाठवी आणि ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’ म्हणून सांगे. वास्तविक पैसे स्वीकारायला पिन कधीच लागत नाही. वर्षानुवर्षे इशारे देऊनही लोक फसत राहिले. अखेर 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही विनंतीची सोयच बंद करण्यात आली. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा फक्त बँकांसाठीचा वेगळा संकेतस्थळ-पत्ता घ्यायला लावला, तोही याच जातीचा उपाय. जबाबदारी व्यवस्थेवर टाकणारे असे उपाय हजार पत्रकांपेक्षा मोलाचे आहेत.

भाषेचा अडसर मात्र कायम आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मुभा मिळाली. तरी बँकांचे संदेश आणि ॲपच्या अटी बहुधा इंग्रजीतच असतात. आपण कशाला संमती दिली हे न कळणाऱ्या ग्राहकाची संमती खरी मानता येणार नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सूचना आणि संमतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ठेवला आहे. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

पैसे गेल्यास 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांत रोखण्याची शक्यता राहते. राज्याचे सायबर पोलीस ठाणे रायबंदरला आहे. खरेदी-सेवेच्या तक्रारींसाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याच ठिकाणचा असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर असते. पोलीस तक्रार आणि ग्राहक आयोगातली तक्रार या दोन वेगळ्या वाटा आहेत. पोलीस गुन्हेगाराचा माग काढतात, आयोग बँकेच्या किंवा कंपनीच्या सेवेतली कसूर तपासतो. पहिल्या वाटेने निकालाची वाट पाहत बसले तरी दुसरीची 2 वर्षांची मुदत थांबत नाही.