शिल्लक फ्लॅट वेगळा, बंद फ्लॅट वेगळा

दिवाळीत गच्चीवर गेलो की माझा एक उद्योग ठरलेला असतो, समोरच्या टॉवरचे आकाशकंदील मोजायचे. आम्ही पुण्यात उंड्रीत राहतो. समोरची इमारत बावीस मजली, मजल्याला चार फ्लॅट, एकूण ८८. गेल्या लक्ष्मीपूजनाला कंदील भरले ३७. दहा-बारा घरं गावी गेली असतील, दोन-चार जण कंदील लावतच नसतील, असं सढळ हातानं धरलं तरी पस्तीसेक फ्लॅट अंधारात उरतात.

शेजारचे काका म्हणाले, "बघ, बिल्डरचे एवढे फ्लॅट पडून आहेत, तरी भाव खाली यायचं नाव नाही."

"काका, त्यातला बिल्डरचा एकही नाही. सगळे विकले गेलेत."

काकांना ते पटलं नाही. त्यांची चूक तरी कशी म्हणायची? पेपरात एका पानावर 'पुण्यात हजारो घरं विक्रीविना' असं असतं, दुसऱ्या पानावर 'शहरात घरांची टंचाई', आणि रस्त्यावरून दिसतात त्या काळोख्या खिडक्या. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण त्यातल्या दोन गोष्टींना आपण सरसकट 'पडून असलेली घरं' म्हणतो.

शिल्लक फ्लॅट म्हणजे बिल्डरनं विक्रीला काढलेला, पण अजून गिऱ्हाईक न मिळालेला. बाजारवाले त्याला अनसोल्ड इन्व्हेंटरी म्हणतात. बंद फ्लॅट म्हणजे विकला गेलेला, चावी दिलेला, पण कुणी राहत नसलेला. गंमत अशी की शिल्लक फ्लॅटपैकी बरेचसे अजून बांधून झालेलेच नसतात. त्यांना खिडकीच नाही, तर अंधार कुठून दिसणार?

जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. २०१७ पासून हा नियम आहे. चारशे फ्लॅटचा प्रकल्प नोंदवून विक्रीला काढला की ते चारशेच्या चारशे फ्लॅट शिल्लकीच्या रकान्यात जाऊन बसतात. जागेवर गेलात तर पत्र्याचं कुंपण, एक जेसीबी आणि एसी लावलेला सॅम्पल फ्लॅट, एवढंच सापडेल.

ही शिल्लक महिन्यांत मोजतात. समजा शहरात १२,००० फ्लॅट शिल्लक आहेत आणि महिन्याला हजार विकले जातात, तर बारा महिन्यांचा माल आहे. व्याजदर वाढले आणि विक्री पाचशेवर आली की तोच माल चोवीस महिन्यांचा होतो. एक वीटही वाढलेली नसते. उलटंही होतं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्यानं मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा दस्त नोंदवायला झुंबड उडाली होती. अशा वेळी शिल्लक घटते ती गिऱ्हाईक आल्यामुळे. बांधकाम कमी-जास्त झालं की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून 'पुरवठा वाढला' अशी बातमी वाचली की मी आधी बघतो, नवे प्रकल्प जाहीर झालेत की भोगवटा (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) मिळून चाव्या दिल्या गेल्यात? मधे तीन-चार वर्षं सहज जातात.

बंद फ्लॅटचा हिशेब बिल्डरकडे नसतो, तो जनगणनेत सापडतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली. त्यातली वीसेक लाख एकट्या महाराष्ट्रात होती. पुढच्याच वर्षी केंद्राच्या तांत्रिक गटानं शहरी घरांची टंचाई १ कोटी ८८ लाखांच्या आसपास काढली आणि त्यातली जवळपास सगळी गरज आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटाची होती. त्यातही मोठा भाग होता एकाच खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या कुटुंबांचा. रिकाम्या घरांची संख्या टंचाईतून वजा करून गणित सोडवणारे बरेच भेटतात. ते सुटत नाही. उंड्रीतला बंद थ्री बीएचके जनता वसाहतीच्या झोपडपट्टीतल्या कुटुंबाच्या कामाचा नाही.

मग ही घरं बंद का? आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर असा एक फ्लॅट आहे. कडीत महावितरणची बिलं खोचलेली, नुसत्या स्थिर आकाराची. दारावरचं वास्तुशांतीचं तोरण वाळून तांबडं झालंय. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून मालकाला फोन केला. ते दुबईला असतात.

"भाड्यानं देऊन टाका ना, साहेब."

"बावीस हजार भाडं, बावन्न हजार हप्ता. त्यात भाडेकरू भिंतीत खिळे ठोकणार, मग रंगकाम माझ्या माथी. विकताना फ्लॅट कोरा असलेला बरा."

हिशेब अगदीच चुकीचा नाही. पुण्यात वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास येतं, भाव वाढण्यावर भिस्त असते. त्यात नियमही असे, की दार उघडणाऱ्यालाच भुर्दंड. फ्लॅट भाड्यानं दिला की सोसायटी सेवाशुल्कावर दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लावू शकते; कुलूप लावून ठेवला तर ते लागत नाही. (नाव 'बिनभोगवटा', आणि आकारणी जिथं माणूस राहतो तिथं! हे मी दर वार्षिक सभेत समजावतो आणि दरवर्षी कुणीतरी चिडतं.) स्वतः राहणाऱ्याला महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरावा लागतो. भाडेकरू आला की तीही गेली.

दोन्ही प्रकार एकत्र येतात ते बांधून पूर्ण झालेल्या, पण न विकलेल्या फ्लॅटमध्ये. तिथं बिल्डरचं कुलूप असतं. भोगवटा मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही, बांधकाम चालू असताना घेतला तर पाच टक्के, परवडणाऱ्या घराला एक टक्का. म्हणून गिऱ्हाईकाला असा फ्लॅट आवडतो. आयकरातही सोय आहे. विक्रीसाठी ठेवलेल्या रिकाम्या फ्लॅटचं मानीव भाडं (प्रत्यक्षात न मिळालेलं, पण करासाठी उत्पन्न म्हणून धरलं जाणारं), पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षं शून्य धरतात. पण बँकेचं व्याज कुणासाठी थांबत नाही. म्हणून बिल्डर नरमतो. मात्र बोर्डावरचा दर उतरवत नाही, कारण आधीचे घेणारे ऑफिसात येऊन बसतील. तो मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, मॉड्युलर किचन बसवून देतो, पार्किंगचं बघून घेतो.

बंद फ्लॅटच्या मालकाला अशी घाई नसते. तो फ्लॅट बाजारात नसतोच, त्यामुळे त्याचा भावावर दाबही पडत नाही. मुलीचं लग्न निघालं किंवा परदेशातली नोकरी गेली की मगच तो रीसेलला येतो.

म्हणूनच दोन्हींवर औषध एक नाही. शिल्लक जास्त असेल तर भाव, कर्ज आणि कुठल्या आकाराची घरं बांधली जातायत हे बघावं लागतं. बंद घरं जास्त असतील तर भाड्याचे नियम बदलावे लागतात. २०२० मध्ये केंद्रानं जुन्या योजनांतली सरकारी पैशानं बांधून रिकामी राहिलेली लाखभर घरं भाड्यानं द्यायची योजना आणली, ती या दुसऱ्या जातीची.

काकांना मी महारेराच्या साइटवर समोरच्या टॉवरचं पान उघडून दाखवलं. ८८ पैकी बुकिंग झालेले ८८. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा एकदा अंधाऱ्या खिडक्यांकडे बघितलं.

"मग त्या दुबईवाल्याचा नंबर दे. माझ्या भाच्याला कोंढव्यात नोकरी लागलीय, भाड्यानं जागा शोधतोय. खिळे नाही ठोकणार म्हणावं."

नंबर दिलाय. दुबईवाले म्हणाले, तुळशीच्या लग्नानंतर बघू.