आरोग्य योजना आणि आरोग्यविषयक कायदा यांत नेमका फरक काय?

प्रचारसभेत, अर्थसंकल्पाच्या चर्चेत आणि चांगल्या जाणत्या माणसांच्या बोलण्यातही 'सरकारने पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचा कायदा केला' असे सर्रास म्हटले जाते. असा कायदा संसदेने केलेला नाही. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ही केवळ योजना आहे, म्हणजे सरकारने आपल्या अधिकारात घेतलेला खर्चाचा निर्णय आहे. उलट, गर्भलिंगनिदानावर बंदी आहे ती मात्र कायद्याने. कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा फलक स्थानिक भाषेत लावणे सक्तीचे असते आणि त्यावर कोणाही नेत्याचे छायाचित्र नसते. त्याच रुग्णालयातील योजनेच्या फलकावर ते बहुधा असते आणि सरकार बदलले की छायाचित्रही बदलते. हा फरक वरवरचा वाटला, तरी दोन्ही गोष्टींच्या उगमाकडे बोट दाखवणारा आहे.

उगमापासूनच पाहू. १ फेब्रुवारी २०१८ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात या आरोग्य संरक्षण योजनेची घोषणा केली, मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत तिचा प्रारंभ झाला. लाभार्थी कोण, पाच लाखांची मर्यादा माणशी की कुटुंबामागे, कोणत्या शस्त्रक्रियेचे किती पैसे, यांपैकी कोणत्याही कलमावर संसदेत मतदान झाले नाही, कारण मतदान घेण्याजोगे विधेयकच नव्हते. ही योजना चालवणारे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणसुद्धा जानेवारी २०१९ मधील मंत्रिमंडळाच्या निर्णयाने स्थापन झाले. संसदेचा संबंध आला तो दरवर्षीच्या अनुदानाच्या मागण्यांपुरता, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाला मंजुरी देण्यापुरता. त्या मागण्यांचे काय होते हे अधिवेशन पाहणाऱ्यांना ठाऊक आहे: मोजक्या मंत्रालयांवर चर्चा होते आणि उरलेल्या सगळ्या मागण्या शेवटच्या दिवशी एका दमात, चर्चेविना संमत होतात.

केंद्राने कायद्याऐवजी योजनेची वाट धरली यामागे केवळ घाई नव्हती, संविधानाची रचनाही होती. सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीच्या सहाव्या नोंदीनुसार सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्यांचे आहेत. वैद्यकीय व्यवसाय, औषधे आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणारे साथीचे रोग हे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये या दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, येतात. म्हणूनच डॉक्टरांच्या शिक्षणाचे आणि नोंदणीचे नियमन करणारा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ संसद करू शकते, पण जिल्हा रुग्णालय कसे चालावे याचा सर्व राज्यांना बांधील असा कायदा सरळपणे करू शकत नाही. मात्र अनुच्छेद २८२ अन्वये कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देण्याची केंद्राला मुभा आहे, मग त्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला असो वा नसो. जिथे कायद्याने शिरता येत नाही तिथे पैशाने शिरण्याचा हा राजमार्ग आहे आणि गेल्या काही दशकांतील बहुतेक केंद्रीय आरोग्य कार्यक्रम त्याच मार्गाने राज्यांत पोहोचले आहेत.

पैशाने शिरायचे म्हटले की समोरच्याने दार उघडावे लागते. जन आरोग्य योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे आणि राज्याने करार केल्याशिवाय ती तिथे लागू होत नाही. पश्चिम बंगाल सरकार जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडले. आपल्या स्वास्थ्य साथी योजनेचा खर्च आपण उचलत असताना श्रेय मात्र लाभार्थ्यांना पंतप्रधानांच्या छायाचित्रासह जाणाऱ्या पत्रांनी घ्यावे, हे तिथल्या सत्ताधाऱ्यांना मान्य नव्हते. ओडिशाने आपली बिजू स्वास्थ्य कल्याण योजना पुढे करून दूर राहणे पसंत केले आणि २०२४ मध्ये तिथे भाजपची सत्ता आल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये करार केला. दिल्लीतही फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले आणि एप्रिलमध्ये करारावर सही झाली. एकाच देशातील, एकाच उत्पन्नगटातील दोन कुटुंबांना केंद्राचे कार्ड मिळेल की नाही हे राज्यात कोणता पक्ष निवडून आला यावर ठरावे, हे योजनेच्या स्वरूपात अंगभूतच आहे.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. महाराष्ट्रात केंद्राची ही योजना आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ एप्रिल २०२० पासून एकत्रित राबवल्या जातात. लोक अजूनही तिला 'जीवनदायी' म्हणतात, कारण २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होते. २०१७ मध्ये ते बदलले. रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर शिधापत्रिका आणि आधार कार्ड ठेवले की रुग्णाचा आजार यादीतील कोणत्या पॅकेजमध्ये, म्हणजे ठरावीक दराच्या उपचारात, बसतो ते पाहिले जाते आणि पूर्वमंजुरीसाठी कागद वर जातात. पॅकेज नसेल, किंवा रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, नसेल, तर विषय तिथेच थांबतो. नातेवाईक हेल्पलाइनला फोन करू शकतात, जिल्हा तक्रार निवारण समितीकडे अर्ज करू शकतात. एखाद्या पात्र माणसाला मनमानीने डावलले तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे खरे. पण 'यादीत हा आजार का नाही' किंवा 'ही योजना बंद का केली' या प्रश्नांवर न्यायालये सहसा हात घालत नाहीत, कारण तो सरकारच्या धोरणाचा भाग मानला जातो.

याच्या शेजारी कर्मचारी राज्य विमा ठेवला की फरक लख्ख दिसतो. हाही आरोग्य विमाच आहे, पण तो १९४८ च्या संसदीय कायद्यातून आला. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. नोंदणीकृत कामगार आणि त्याच्या कुटुंबाच्या उपचारांवर खर्चाची कमाल मर्यादा नाही, आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख रक्कमही मिळते. लाभ नाकारला गेला तर दाद मागण्यासाठी कायद्यानेच कर्मचारी विमा न्यायालयाची तरतूद केली होती. या व्यवस्थेतील दवाखान्यांच्या अवस्थेविषयी कामगारांच्या तक्रारी कमी नाहीत आणि त्या बऱ्याच अंशी रास्त आहेत. तरी वर्गणी भरलेला कामगार तिथे लाभार्थी म्हणून नव्हे, तर दावेदार म्हणून उभा असतो. हा कायदा बदलायचा तर केंद्राला संसदेत सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० संमत करून घ्यावी लागली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली तेव्हा कुठे १९४८ च्या कायद्याची जागा तिने घेतली. त्यापूर्वीची फुले योजनेची वाटचाल पाहा: २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर गेली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबे कक्षेत आली. विधानसभेत विधेयक नाही, त्यावर मतदान नाही.

इथे योजनेची जमेची बाजू मान्य करायला हवी. कायद्याला वेळ लागतो, आणि आजारी माणसाजवळ तो नसतो. मानसिक आरोग्याचे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, २०१६ मध्ये तिथे संमत झाले, २०१७ मध्ये लोकसभेने मंजूर केले आणि २९ मे २०१८ रोजी कायदा अमलात आला. जन आरोग्य योजना मात्र घोषणेपासून आठ महिन्यांच्या आत सुरू झाली होती. पण त्या पाच वर्षांच्या मोबदल्यात काय मिळाले तेही पाहण्यासारखे आहे: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम १८ प्रत्येक व्यक्तीला शासकीय अथवा शासन-अनुदानित सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देते आणि जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसतील, तर त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा असे सांगते. शारीरिक आजाराच्याच निकषांवर मानसिक आजारालाही विमा देण्याचे बंधन कलम २१ ने विमा कंपन्यांवर घातले. एवढ्या स्पष्ट शब्दांत सरकारला बांधून घेणारा मजकूर मी कोणत्याही शासन निर्णयात वाचलेला नाही.

राज्यांच्या विषयावर संसदेला कायदा करायचाच असेल तर अनुच्छेद २५२ ची वाट आहे. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केली की संसद त्या राज्यांपुरता कायदा करते आणि इतर राज्ये तो मागाहून स्वीकारू शकतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ असाच झाला आणि ठराव करणारी राज्ये होती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. गर्भलिंगनिदानाचा प्रवास निराळा आहे: मुंबईतील स्त्री चळवळ आणि काही डॉक्टरांनी उभारलेल्या मोहिमेनंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला, आणि संसदेने त्या धर्तीवर १९९४ मध्ये संमत केलेला केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. दिल्लीचे धोरण गल्लीत येते असे आपण धरून चालतो. इथे उलटे घडले. मात्र रुग्णालयांच्या नोंदणीचा व किमान दर्जाचा केंद्रीय कायदा २०१० मध्ये अनुच्छेद २५२ खालीच आला, तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. इथे आजही १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो.

कायदा म्हणजे रुग्णाचा हक्कच, असे समजणेही चूक ठरेल. मुंबई-पुण्यातील प्लेगच्या वेळी केलेला १८९७ चा साथरोग कायदा सरकारला घरे तपासण्याचे, माणसे वेगळी काढण्याचे अधिकार देत होता. आजाऱ्याला काय मिळावे याविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

आरोग्याला कायद्याने हमी द्यावी का, हा प्रश्न केंद्रापुढे एकदा थेट आलाही होता. राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हक्काच्या कायद्याचा पर्याय चर्चेला ठेवला होता. २०१७ च्या अंतिम धोरणात तो बाजूला सारून टप्प्याटप्प्याने सेवांची हमी वाढवण्याचा मार्ग स्वीकारला गेला. धोरण हा दस्तऐवज योजनेपेक्षाही दुबळा असतो. त्याच धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. ते गाठले नाही म्हणून कोणाला न्यायालयात खेचता येत नाही.

राजस्थानने नेमका तो सोडलेला पर्याय उचलला आणि तिथे योजना व कायदा दोहोंची कसोटी एकाच वेळी लागली. २१ मार्च २०२३ रोजी विधानसभेने आरोग्य हक्काचे विधेयक संमत केले: तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत आणि रुग्ण खर्च देऊ शकला नाही, तर सरकारने तो भरून द्यावा. खासगी डॉक्टरांनी संप केला. ४ एप्रिलच्या समझोत्यात ५० पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये कक्षेबाहेर गेली. दर कोणते, पैसे कोणत्या कार्यालयाने किती दिवसांत द्यायचे हे ठरवणारे नियम डिसेंबरमध्ये सरकार बदलेपर्यंत निघाले नव्हते. नव्या सरकारने आधीच्या सरकारच्या चिरंजीवी या आरोग्य विमा योजनेचे नाव बदलून मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य योजना केले, त्यासाठी एक आदेश पुरला. कायदा मात्र रद्द करायचा तर पुन्हा विधानसभेतच जावे लागते. अपघातग्रस्ताला प्रथमोपचार नाकारले गेले आणि कायद्याचे नियमच नसतील, तर त्याच्या नातेवाइकांना आधार उरतो तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या निकालाचा. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जीव वाचवण्यासाठी तातडीने उपचार केलेच पाहिजेत, असे त्यात बजावले आहे, आणि तो निकाल ना योजनेतून आला, ना कायद्यातून. तो संविधानाच्या अनुच्छेद २१ मधून आला.